राखायला दिलेले पान

बायजामावशीने मला जगवले, हे आधी लिहून ठेवतो. मामाने मला उपाशी ठेवून कसे मरणाला टेकवले होते, ते त्यानंतर.

बायजामावशी आमच्या भोईवाड्यातल्या चाळीत गिरणीकामगारांची खाणावळ चालवी. माझा सख्खा मामा, तात्या, गिरणीत दिवसपाळीला होता. मी तिसरीतून शाळा सोडून कोकणातून आलो, तेव्हा गिरणीने विजेचे दिवे लावून रात्रपाळी सुरू केली होती. मामाने मला त्या पाळीला चिकटवले. त्याचे उपकार आहेत. पण उपकारांवर पोट भरत नाही, आणि दुसऱ्या कशावर भरायची मला मुभा नव्हती.

"खाल्लंस काय झोप इली, झोप इली काय नोकरी गेली," असे मला ऐकवून त्याने मावशीला बजावले, की ह्याला एकच भाकरी, आणि आमटी पुन्हा मागितली तर पाणी. मग मी भुकेनेच लटपटू लागलो. मुकादम म्हणाला, "पुन्हा यंत्रावर कलंडलास तर गावाला जा." मी हे मामाला सांगितले.

मामा म्हणाला, "बघ, अजून जास्त खातंस."

त्यात सोमवार आला. दिवसभर मी उपास केला (म्हणजे झोपलो). संध्याकाळी सोडायला बसलो, तर मामाने ताट ओढले. "झोपेतलो उपास देव धरीत नाय. जागेपणी कर." झाले, रात्रभर पुन्हा उपास.

सकाळी भिंती धरत घरी आलो, तर मामा खाडा करून सोवळ्यात उभा. पितृपक्ष चालू होता आणि आज आजोबांचे श्राद्ध. पानाला कावळा शिवल्याशिवाय कुणी खायचे नाही!

मावशीने वडे, खीर, अळू रांधले. दुपारी आजोबांचे पान विहिरीच्या कठड्यावर ठेवले. कावळा येईना. (कशाला येईल? परळचे झाडून सगळे कावळे कोळणींच्या पाट्यांभोवती. त्यांना मामा नव्हता.) मामा हात जोडून एकेक कबूल करू लागला. "बाबा, गावच्या घराची कौला परतीन. बाबा, तंबाखू सोडीन." तंबाखूलाही कावळा बधला नाही. शेवटी मामा कावळे बोलवायला नाक्यावर निघाला. "पान राख," मला म्हणाला, "मांजर येतला."

मांजर आले नाही.

मामा परतला तेव्हा माझ्या हातात शेवटचा वडा होता. "मेल्या, माझ्या बापाशीचा पान खाल्लंस?" त्याने हात उगारला.

"खाल्लं," मी जन्मात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडलो. "आता मारा. रिकाम्या पोटी मारही सोसला नसता."

मावशी मध्ये आली. "तात्या, हात खाली घे. तुझा बाप नातवाच्या तोंडी आला, कळत नाही? विचार त्याला, काय इच्छा राहिली."

मामा पांढरा पडला. त्याने चक्क माझ्यापुढे हात जोडले. "बाबा, काय रवला?"

"दोन वेळा पोटभर," मी रागानेच म्हणालो. "आणि सोमवार झोपेत चालेल."

त्या दिवसापासून मावशी वाढे आणि मामा तोंड फिरवून बसे. मी पुन्हा यंत्रावर कलंडलो नाही. नोकरी टिकली.

मावशीला मूलबाळ नाही. तिचे एकच मागणे आहे. "मी गेल्यावर माझं पान तू ठेव. आणि कावळ्याच्या आधी हात घालू नको."

मावशीचे ऋण मी तसेच फेडीन. पान ठेवीनच ठेवीन; फक्त त्या दिवशी मला राखायला कुणीतरी बसवावे लागेल.