यात भूत कुठंय?

बायको गेल्यावर तिच्याकडची वाचन मंडळाची पुस्तकं परत द्यायला मी मेट्रोनं इंदिरा नगरला गेलो. मंडळ म्हणजे महिन्यातून एका रविवारी जमणाऱ्या सात मराठी बाया, बहुतेक बँकेतल्या साहेबांच्या बायका. मी रेल्वेतला फिटर, शिक्षण सातवी. पुस्तकं ठेवली आणि तोंडातून निघून गेलं, "तिच्या जागी मी येऊ का?" घर खायला उठत होतं, दुसरं काय.

मंडळातल्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, "या ना भावोजी. पण पुस्तक पुरं वाचल्याशिवाय बोलायचं नाही, असा नियम आहे."

पुस्तक हिच्या आवडत्या लेखिकेचं निघालं. जन्मभर राजे आणि लढाया लिहिल्या, आता भुताची गोष्ट. ओळीखाली बोट धरून महिनाभर वाचली.

रविवारी सगळ्या त्या पुस्तकावर तुटून पडल्या. "आधीच्या कादंबऱ्यांची सर नाही हो!" "तोफा काय धडाडायच्या त्यांत!" वहिनींची सून इकडचीच, हिंदी बोलणारी. ती म्हणाली, "ये भूत तो डराता ही नहीं, यार."

मग मला विचारलं. मी म्हणालो, "यात भूत कुठंय?"

हशा पिकला. "अहो, ती बायको पहिल्याच प्रकरणात मेलीय!"

"वाचलं ते. मेल्यावर करते काय? दूध उतू जातंय म्हणून नवऱ्याला हाक मारते. याला भूत म्हणता? मला तर ही रोज हाक मारते."

म्हटलं, आता आलोच आहे तर बोलून घेऊ.

"आधीच्या कादंबऱ्या मी ऐकल्यात. ही मोठ्यानं वाचायची, मी मटार सोलायचो. राजा पडला की दोन पानं रडारड, पुढच्या प्रकरणात नवा राजा. राणी दुसऱ्या दिवशी उठली कशी, जेवली का, ते कधीच नाही. ही चिडायची त्यावर. या पुस्तकात बाईंनी ते लिहिलंय. तोफा सोप्या असतात."

मला वाटलं, संपलं, आता ह्या काही मला ठेवून घेत नाहीत.

सून म्हणाली, "अंकल, वो दूध वाला पन्ना पढ़के सुनाइए ना."

अडखळत वाचलं. मध्ये कुणी शब्द सुधारला नाही.

निघताना वहिनी म्हणाल्या, "पुढची बैठक तुमच्याकडे. आठ कप आहेत ना?"

"सहा आहेत," म्हणालो. "दोन आणतो."