मधूने सावरलेली भिंत

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मधू सबनीसच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा… ही इज गॉन. हार्ट अटॅक." माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता त्याची माफी मागायची राहिलीच. मित्र गेल्याच्या दुःखाआधी स्वतःचं ओझं आठवावं, याची लाज वाटते. पण खोटं कशाला लिहू?

मधू आणि मी पुण्याला एकाच वसतिगृहात राहायचो. मी केमिस्ट झालो, तो सिव्हिल इंजिनिअर. पाटबंधारे खात्यात बारा वर्षं त्याने धरणांची, कालव्यांची कामं केली आणि मग मेव्हण्याच्या आग्रहाखातर न्यू जर्सीला आला. मी त्याच्या आधीच इथे आलो होतो. इथे इंजिनिअरचं सरकारी लायसन्स नसेल तर अनुभवाला कोणी विचारत नाही. चाळिशीच्या मधूला ड्राफ्ट्समनची नोकरी मिळाली. दिवसभर दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज काढायची आणि घरी येऊन लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास करायचा. कुरकुर नाही. मी साध्या सर्दीनेसुद्धा घर डोक्यावर घेतो.

एक्याऐंशी साली आम्ही इथल्याच पार्सिपनी गावात जुनं घर घेतलं. इथल्या बऱ्याच घरांना खाली बेसमेंट असतं, म्हणजे जमिनीत गेलेलं तळघर. आमच्या बेसमेंटच्या भिंतीतून पावसात पाणी झिरपायचं, सगळीकडे कुबट वास यायचा. त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाचा गणपती आमच्याकडे होता. साठ माणसं तिथेच बसवायची, म्हणून मी घायकुतीला आलो होतो. मधूने येऊन भिंतीला ओळंबा लावला.

"भिंत आत पोट काढतेय," तो म्हणाला. "बाहेरची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि हिला ढकलते. आतून काही फासू नकोस. आधी आधार दे, मग बाहेरून खणून पाण्याला वाट करून दे."

"अरे, गणपती तीन आठवड्यांवर आलाय!"

"मग वर हॉलमध्ये बसव."

हॉलमध्ये साठ माणसं! मी सरळ एका गोऱ्या कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. आतून वॉटरप्रूफ रंग, वर लाकडी पॅनेलिंग, चार दिवसांत काम फत्ते. कॉन्ट्रॅक्टर भिंत बघायला आला तेव्हा मधूही आला होता. तो आपल्या सावकाश इंग्रजीत पाण्याच्या दाबाबद्दल सांगू लागला. कॉन्ट्रॅक्टरने माझ्याकडे वळून विचारलं, "इज ही ॲन इंजिनिअर?"

मी म्हणालो, "नो, नो. जस्ट अ फ्रेंड."

का म्हणालो? काम अडायला नको म्हणून. आणि त्या गोऱ्यासमोर मला मधूच्या उच्चारांची लाज वाटली म्हणून… जसे काही माझे फार साहेबी होते! मधू बाजूला सरला. चहा घेऊन गेला. गणपतीला आला, आरतीला उभा राहिला, पॅनेलिंग छान दिसतंय असंही बायकोला म्हणाला.

दोन हिवाळे निघाले. तिसऱ्याच्या शेवटी बर्फ वितळलं आणि पॅनेलिंग फुगून तडकलं. मागची भिंत मधोमध आडवी फाटून आत झुकली होती. मी मधूला फोन केला. मला चार शब्द सुनवायचा त्याला पूर्ण हक्क होता. तो एवढंच म्हणाला, "कोणालाही खाली पाठवू नकोस. मी येतो."

तो सबंध उन्हाळा त्याचे शनिवार-रविवार आमच्याकडे गेले. आधी लाकडी टेकू, मग भिंतीला भिडवलेले पोलादी खांब, खाली फरशीत आणि वर तुळयांना पक्के केलेले. बाहेरची माती त्याने एकदम काढू दिली नाही. एक टप्पा पायापर्यंत खणायचा, भिंतीला बाहेरून डांबराचा थर द्यायचा, तळाशी खडीत भोकांचा पाइप घालायचा, माती भरायची आणि मगच पुढचा टप्पा. टाउनशिपच्या परवानगीसाठी लागणारं ड्रॉइंग मधूने काढलं, पण त्यावर सही-शिक्का त्याच्या ऑफिसातल्या लायसन्सवाल्या साहेबाचा.

"तुझी परीक्षा कधी आहे रे?" मी विचारलं.

"सोड यार, आता कुठे या वयात…" असं म्हणून त्याने फावडं उचललं.

मला वाटलं, कंटाळला असेल. त्याच वेळी माफी मागता आली असती. पण तो इतका मजेत काम करत होता की विषय काढवेना. मग पुढच्या भेटीत, मग त्याच्या पुढच्या… अशी चार वर्षं गेली.

परवा मधूच्या बायकोला, सुमतीवहिनींना, भेटायला गेलो आणि न राहवून सगळं सांगून टाकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला माहीत आहे, भाऊजी. तो कॉन्ट्रॅक्टर आला होता ना, त्याच दिवशी घरी येऊन त्यांनी परीक्षेची पुस्तकं खोक्यात भरली. मी विचारलं तर म्हणाले, इतक्या जवळच्या माणसाला मी इंजिनिअर वाटत नाही, मग लायसन्स देणाऱ्या बोर्डाला काय वाटणार?" माझा चेहरा पाहून त्यांनीच मला पाणी आणून दिलं. "तुमच्यावर राग नव्हता हो त्यांचा," म्हणाल्या. राग असता तर फार बरं झालं असतं.

कालपासून इथे पावसाची झड लागली आहे. मी बेसमेंटमध्ये जाऊन बसतो. भिंत सरळ उभी आहे, फरशी कोरडी ठणठणीत. वरून बायको विचारते, "पाणी आलंय का हो?"

"नाही," मी सांगतो.

थोडं जरी आलं असतं, तरी मधूचंही कुठेतरी चुकलं होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली असती.