शेवटच्या रांगेतले बापलेक

वाद्यवृंदात सगळे त्याला ‘खुंटी’ म्हणायचे. व्हायोलिनवाल्यांच्या शेवटच्या रांगेत, एकाच खुर्चीत त्याची उभी हयात गेली होती, म्हणून हे नाव. त्याला त्याचं काही वाटत नसे. खुंटी हलली की टांगलेलं सगळं खाली येतं, असं तो वर ऐटीत ऐकवायचा. ते खोटंही नव्हतं. नवखे वादक सूर जुळवताना त्याच्याकडेच कान लावत.

आता शेजारच्या खुर्चीवर त्याची लेक बसत होती, उमेदवारीवर. तिला ठेवायचं की नारळ द्यायचा, हे संचालक या कार्यक्रमानंतर ठरवणार होता.

कार्यक्रम होता शंभरेक वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या बंडखोर संगीताचा. सूर एकमेकांच्या अंगावर धावून जायचे, ताल मध्येच दगा द्यायचा. पहिल्या तालमीनंतर खुंटी म्हणाला, भांड्यांचं कपाट कोसळलं तरी बरं वाजतं. मनातून मात्र त्याला हायसं वाटलं होतं. वर्षभर उंच सूर त्याच्या कानांतून निसटत चालले होते. किटलीची शिट्टी ऐकू येत नाही का, असं बायकोने न्हाणीघरातून ओरडून विचारलं, तर आपण वाचत होतो म्हणून तो वेळ मारून न्यायचा. या गदारोळात एखादा सूर भरकटला तर कोणाला कळतंय?

पण रचनेच्या शेवटी सगळा कल्लोळ विरत जायचा आणि सारे व्हायोलिनवाले मिळून एकच सूर धरायचे, फार उंच आणि फार हळू. तिथे लपायला जागाच नव्हती. शेवटच्या तालमीत संचालकाने नेमकं तिथेच थांबवलं. मागून कोणाचा तरी सूर चढा येतोय, म्हणाला. त्याची नजर खुंटीवरून सरकली आणि लेकीवर थांबली.

“माझं चुकलं,” लेक म्हणाली.

उद्या असं झालं तर विचार करावा लागेल, एवढं बोलून संचालकाने वही मिटली. खुंटीने व्हायोलिन पेटीत ठेवलं. त्याला तो सूर ऐकूच आला नव्हता, ना स्वतःचा, ना दुसऱ्या कोणाचा.

घरी जाताना त्याने विचारलं, “माझा होता ना तो?”

तिने व्हायोलिनची पेटी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली, “एरवी मी जरा जोरात वाजवते बाबा, झाकलं जातं. तिथे जोर लावता येत नाही.”

“केव्हापासून झाकतेयस?”

“आल्यापासून.”

लेकीला आपण सांभाळून घेतोय, अशा समजुतीत तो इतके दिवस होता. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

एक पळवाट होती. गज तारेला न टेकवता हवेतच फिरवायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मग संचालक म्हणणार, पोरीने चूक सुधारली; म्हणजे चूक तिच्याच नावावर राहणार.

कार्यक्रमात काही लोक अर्ध्यातून उठून गेले. खुंटीने मात्र कित्येक वर्षांत वाजवलं नव्हतं इतकं जीव ओतून वाजवलं. मग कल्लोळ विरला आणि सगळ्यांनी शेवटच्या सुरासाठी गज उचलले. त्याने व्हायोलिन हनुवटीखालून काढलं आणि उघडउघड मांडीवर उभं धरलं. संचालकाची नजर मागे आली, त्या व्हायोलिनवर क्षणभर अडली आणि मग लेकीकडे वळली. संचालकाने तिला मान लववली.

खुंटीच्या लेखी सभागृहात नुसती शांतता होती. लेकीचा गज मुंगीच्या पावलांनी सरकताना तो बघत होता. सूर कसा लागलाय हे त्याला कळेना, आणि यापुढे कधी कळणार नाही हेही त्याला ठाऊक होतं. गज तारेवरून सुटला, तरी टाळ्या वाजेनात. तो तिच्याकडे झुकला.

“लागला?”

“लागला, बाबा,” ती म्हणाली, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. पुढच्या सगळ्या रांगांनी वळून पाहिलं, तरी तिने आवाज खाली आणला नाही.