चुंबकाच्या दारातले पैलवान

पैलवानांचे दोन्ही कान कुस्तीत चुरगळून गेले होते आणि त्यांच्या उजव्या तळहाताची बीडभर दहशत होती. आमच्या स्कॅन सेंटरमध्ये एमआरआयच्या दाराशी जो येई, त्याच्या छातीवर तो तळहात आदळे. पेशंट असो, पुढारी असो की खुद्द मालक डॉक्टर. "खिसे दाव!" मगच आत. हुद्द्याने ते सीनियर टेक्निशियन. पण नावाने त्यांना कुणीच हाक मारत नसे.

मी तिथे शिकायला लागले तेव्हा माझा आवाज माझ्यापुरताच असायचा. इंग्रजी शाळेतली म्हणून त्यांनी माझं नाव 'कॉन्व्हेंट' ठेवलं. पहिल्या दिवशी त्यांनी दोऱ्याला एक पिन बांधून माझ्या हाती दिली आणि आत नेलं. दोरा आडवा ताणला गेला, पिन मशीनच्या बोगद्याकडे तोंड करून थरथरत राहिली. "आता पिनीच्या जागी कोयता समज," ते म्हणाले, "अन् बोगद्यात माणसाचं डोकं."

एमआरआय मी पुस्तकातून वाचला होता, समजला त्यांच्याकडून. "अंगात पाणीच पाणी. त्यातले हायड्रोजनचे कण म्हंजी आखाड्यातली पोरं. चुंबक त्यांची मानगूट धरून रांगेत हुबं करतो. मग रेडिओची लहर देती मुस्काटात, पोरं आडवी. लहर थांबली की उठत्यात, अन् उठताना कण्हत्यात. ते ऐकून मशीन चित्र काढतं. सुजेतली पोरं येगळी कण्हत्यात, मेंदूतली येगळी." आजही पडद्यावर मणका उमटताना मला आधी ती थप्पड आठवते.

एका पेशंटने नारायणगडाच्या जत्रेतलं हातातलं लोखंडी कडं काढायला नकार दिला. आईने घातलं होतं. पैलवानांनी त्याला बाकावर दाबला, मनगटाला साबण फासला आणि कातडीसकट कडं ओढून काढलं. तो शिव्या देत राहिला. पैलवानांनी रक्ताने माखलेलं कडं कपाळाला लावलं आणि त्याच्या आईच्या ओटीत ठेवलं. "माउली, पोरगं परत देतो, मग घाल."

मशीनच्या आवाजावरून ते रोज घसा फोडत. "धडधड थांबली म्हंजी फोटू थांबला. चुंबक न्हाई थांबत! लाइट गेली तरी न्हाई. कावून कळत न्हाई तुमाला?" लोक माना डोलवत आणि आवाज थांबला की दाराकडे धावत.

निवडणुकीच्या भांडणात गजांनी पाठ फोडलेला एक तरुण आला, त्या दिवशीही तेच झालं. त्याचे पाय बधिर होते. सोबत थोरला भाऊ. त्याने फोन, पट्टा, किल्ल्या काढून दिल्या, तपासणीही करू दिली. मग मधेच गाडीकडे जाऊन आला आणि गावठी कट्टा कमरेला खोचून बाकावर बसला. एक फेरी संपली, धडधड थांबली. आतून धाकटा ओरडला, "दादा, पाय कळंनात रे!"

"बंद झालं मशीन," म्हणत थोरल्याने दार लोटलं.

पैलवान माझ्या शेजारून उडाले. उंबऱ्याच्या आत त्यांनी त्याला मागून कवळा घातला. कट्टा सदऱ्याखालून बोगद्याकडे उसळू पाहत होता. त्यावर त्यांचा तो तळहात.

"सोड बे! भाऊ हाय माझा!"

"म्हणूनच, गाढवा!"

थोरल्याने कोपर मारून त्यांचं नाक फोडलं, मनगटाचा लचका तोडला. पैलवानांनी पाय अडकवला आणि त्याला घेऊन ते उंबऱ्याबाहेर आपटले. तिथे गोळी सुटली आणि कट्टाच फुटला. नळीच्या चिंध्या झाल्या. माझ्या समोरच्या काचेवर रक्त उडालं. मी आत जाऊन टेबल ओढलं. धाकटा जिवंत होता, दादाला हाका मारत होता.

थोरल्याची दोन बोटं गेली. पैलवानांच्या उजव्या डोळ्यामागे लोखंडाची एक कपची राहिली. काढायला गेलं तर मेंदूला धोका, म्हणून सर्जननी ती तशीच ठेवली.

टाके निघाल्यावर ते कामावर आले. डोळ्यावर पट्टी. सवयीने थेट चुंबकाच्या दाराकडे. बाकीचे बाजूला सरले. ती कपची आत काय करेल, ते त्यांनीच मला पिनीने दाखवलं होतं. मी आडवी गेले आणि त्यांच्या छातीवर तळहात ठेवला.

"पैलवान, मागं व्हा."

ते माझ्याकडे एका डोळ्याने बघत राहिले. छाती माझ्या हाताखाली वरखाली होत होती.

"लई हळू बोलती, कॉन्व्हेंट. असं कुणी थांबतं व्हय?"

मी हात उचलून जोरात आदळला आणि ओरडले. बाकावरची माणसं उठून उभी राहिली.

पैलवान एक पाऊल मागे सरले.