भिंतीतली कमान

शहाद्याबाहेर आमचा बंगला बांधणारा गवंडी माझ्याशी बोलताना एक डोळा मिटून ओळंब्याकडेच बघायचा. मुंबईहून आलेल्या नकाशात चारी बाजूंना बाग होती, दिवाणखान्याला सहा खिडक्या होत्या. स्वयंपाकघराला बागेकडे एकही नव्हती. पाहुण्यांना चूल दिसू नये, असं आमच्या यांचं मत. मी रोज खिडकी मागायची.

"नकशामा नही शे, माय," एवढंच तो म्हणायचा.

शेवटी गिलावा करताना मात्र हळूच बोलला, "भितमा कमान बांधी ठेयेल शे. कव्हय बी खिडकी फोडा, भीत पडाव नही."

वीस वर्षं मी तिथे धूर खाल्ला. हे वारल्यावर मुलाला कमानीची जागा दाखवली. त्याने नकाशा काढून पाहिला.

"यात खिडकी नाही, आई," म्हणाला आणि नकाशाची घडी घातली.