फळ्यांवर एक हात

आईने हॉलमध्ये पाय ठेवणं बंद केलं आणि माझं डोकं फिरलं. डोंबिवलीच्या आमच्या बैठ्या घराचा हॉल म्हणजे तिचा क्लास. बाबांनी कुठल्याशा पाडलेल्या बंगल्याच्या सागवानी फळ्या आणून तिच्यासाठी तिथे लाकडी जमीन घातली, आणि आख्खं आयुष्य तिने त्या जमिनीवर पोरींना भरतनाट्यम शिकवलं. गेल्या वर्षी तिथेच घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला, हळूहळू चालायलाही लागली. पण स्वयंपाकघरात जायचं तर मागच्या पडवीतून वळसा घालून. जुन्या विद्यार्थिनी भेटायला आल्या की त्यांना बाहेरच्या ओट्यावरच बसवायची.

"अगं, घर तुझं आहे. चोरासारखी मागून काय जातेस?" मी विचारायची.

"मला तेच बरं पडतं," एवढंच उत्तर.

घाबरलीय, दुसरं काय, हे मी ठरवूनच टाकलं. वर्तकनगरच्या माझ्या घरून दर शनिवारी मी येत होतेच. म्हटलं, जमीनच नीट करू, मग बघू कशी येत नाही ती.

पॉलिशवाला आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "मॅडम, मशीन मारून सगळी तासू. एकदम कोरी करून देतो." पण त्या फळ्या पूर्वी एकदा तासलेल्या. आणखी तासल्या तर खिळ्यांची डोकी वर आली असती. शिवाय लाकूड कुठे उघडं पडलं नव्हतं, वरचा थरच तेवढा झिजून निस्तेज झाला होता. पाण्याचा थेंब टाकला तर मुरत नव्हता, तसाच बसून राहत होता. मी म्हटलं, "तासायचं नाही. वरून न घसरणाऱ्या पॉलिशचा नुसता एक हात द्या." त्याने मान डोलावली आणि नंतर माझा फोनच उचलला नाही. मेल्याला मोठं काम हवं होतं.

मग मीच ओढणी खोचली. नवरा म्हणाला, "घरी फडकं मारायचा कंटाळा, आणि माहेरी जमिनीला पॉलिश!"

"तू गप रे. बादली धर," मी म्हटलं.

आधी सगळा मळ धुऊन काढला. मग बारीक पॉलिशपेपर हाताने हलका फिरवायचा, म्हणजे नवा थर जुन्याला धरून बसतो. गुडघे सोलवटून निघाले. आई आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून बघत बसायची.

"तिरकं नको घासूस. फळीच्या रेषेने जा."

"बाई गं, तू नाच शिकव. सुतारकी नको शिकवूस!"

हसली. किती दिवसांनी हसली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम आणखी थोडं तिरकं घासलं.

नटराजाच्या मूर्तीपुढच्या कोपऱ्यात मात्र फजिती झाली. पॉलिशचा हात दिला आणि डोळ्यांदेखत ते जागोजागी फाटलं, मधे भोकं भोकं. समईचं तेल! वर्षानुवर्षं सांडून फळ्यांच्या थरात जिरलेलं.

"एवढं तेल सांडतात का गं?" मी ओरडले.

"नाचाआधी समई नाही लावायची तर काय ट्यूबलाइट लावायची?"

पुढच्या शनिवारी तो आख्खा कोपरा खरवडला, टर्पेंटाइनने पुसपुसून काढला, पुन्हा घासला, पुन्हा हात दिला. या वेळी पॉलिश नीट बसलं.

जमीन पुरती वाळल्यावर मी आईला उंबऱ्यापर्यंत आणलं. तिने नजर सगळीकडे फिरवली. "छान झालीय हो," म्हणाली, आणि वॉकर पडवीकडे वळवला.

मी भडकलेच. "अगं, आता नाही घसरत! उड्या मारून दाखवू?"

"मी कधी म्हटलं घसरायची भीती वाटते?"

"मग काय वाटतं?"

तिने वॉकर थांबवला. मग म्हणाली, "नमस्कार केल्याशिवाय या जमिनीवर मी कधी पाऊल टाकलं नाही. वाकायचं, तिला हात लावायचा, तो डोळ्यांना लावायचा. तुझ्यावर पाय आपटणार आहे, क्षमा कर, म्हणायचं. पोरींना पहिल्या दिवशी मी हेच शिकवत आले. आता मला वाकता येत नाही. कुठल्या तोंडाने जाऊ आत?"

मला रडूच फुटलं. रागही आला. इतके महिने वळसे घालत होती, आणि एका शब्दाने बोलली नाही!

"आई, इतके शनिवार मी गुडघ्यांवर बसून, वाकून, दोन्ही हातांनी हिलाच चोळत होते. तो कुणाचा नमस्कार होता गं?"

तिने वॉकर पुन्हा उंबऱ्याकडे वळवला. मग एका हाताने वॉकर घट्ट धरून दुसऱ्याने तिने माझा हात ओढून घेतला. नखांत पॉलिश सुकलं होतं, वास येत होता. तो तिने आधी एका डोळ्याला लावला, मग दुसऱ्याला. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली, आणि उजवं पाऊल आत टाकलं.