झोप माझी गेली, तक्रारही माझीच झाली

मंडळी, दुपारी लॅबमधून घरी आले तेव्हापासून रडू आवरत नाहीये. तुम्हालाच सांगते.

मी परळच्या एका लॅबमध्ये रक्ततपासणीचं काम करते. माझी मैत्रीण सुषमाही तिथेच आहे. तिचा लेक आजारी, म्हणून गेले काही आठवडे सरांना न सांगता मी तिच्या रात्रपाळ्या करतेय. सकाळची माझी पाळी असतेच. "तू आहेस म्हणून निभतंय गं," असं ती रोज म्हणायची.

आज दोन सावंत आले होते, एक आजोबा आणि एक तरुण मुलगी. आजोबांच्या ट्यूबवर मी मुलीचं लेबल चिकटवलं. डोळे उघडे होते, नावही वाचलं होतं, पण ते डोक्यात शिरलंच नाही. आज सुषमाचीही सकाळची पाळी होती, तिने वेळेवर पाहिलं, नाहीतर आजोबांना भलताच रिपोर्ट गेला असता.

पण मला काही न बोलता ती थेट सरांच्या केबिनमध्ये गेली, मीही मागोमाग गेले. "सर, हल्ली हिचं कामात लक्षच नसतं." का नसतं, ते मात्र तिने सांगितलं नाही. मी तोंड उघडलं असतं तर तिची नोकरी गेली असती, म्हणून चूक मान्य करून गप्प राहिले.

बाहेर आल्यावर म्हणाली, "अगं, खरं सांगावंच लागलं."

"मग सगळंच खरं सांगायचं ना," एवढंच मी बोलले.

उद्यापासून मी फक्त माझीच पाळी करणार. पण रात्री त्या लेकराजवळ कोण थांबेल, हा विचार काही जात नाहीये. तुम्ही काय केलं असतं?